नर्सिंगचे शिक्षक शिकवण्यात का राहतात आणि का सोडून जातात?

प्रश्न : कृष्णाकाठ (सातारा जिल्हा)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका खासगी नर्सिंग महाविद्यालयात मी बालरोग परिचर्या शिकवते. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर दोन वर्षे नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात काम केले, त्यानंतर एम.एस्सी. पूर्ण केले आणि आता शिकवण्याचे सातवे वर्ष सुरू आहे. माझे वय ३४ आहे. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाच्या निवड यादीत गेल्या महिन्यात माझे नाव आले. या पदाची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि महागाई भत्ता व घरभाडे भत्ता त्यावर वेगळा मिळतो. एम.एस्सी. आणि इतका अनुभव जमेस धरूनही आज माझ्या हातात येणारी रक्कम त्या मूळ वेतनापेक्षा कमी आहे, आणि तीही दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येते असे नाही. खुल्या प्रवर्गासाठी शासकीय सेवेत प्रवेशाची वयोमर्यादा ३८ वर्षे आहे, त्यामुळे ही संधी सोडली तर पुढची जाहिरात कधी निघेल आणि तेव्हा मी पात्र असेन का, याची चर्चा घरात रोज होते. हातात आलेली सरकारी नोकरी कोणी सोडत नाही, असे सासूबाईंचे स्पष्ट मत आहे. माझ्या पतींनाही मनातून तेच वाटते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

हिशेब इतका स्वच्छ असताना माझा निर्णय होत नाही, याचे कारण सांगते. गेल्या पंधरवड्यात तिसऱ्या वर्षाच्या दहा विद्यार्थिनींना घेऊन मी बालरुग्ण कक्षात होते. जुलाबांनी सुकून गेलेले आठ महिन्यांचे एक बाळ दाखल झाले होते आणि सलाइन लावल्यावर थेंबांचा वेग ठरवायचा होता. मायक्रोड्रिप संचात एका मिलिलिटरचे ६० थेंब होतात, म्हणून ताशी जितके मिलिलिटर द्यायचे तितकेच थेंब मिनिटाला पडायला हवेत, हे मी वर्गात तीन वेळा फळ्यावर लिहिले होते. चाचणीत हे उदाहरण हमखास चुकवणारी एक मुलगी त्या दिवशी बाळाच्या उशाशी उभी राहिली. घड्याळाकडे पाहत तिने थेंब मोजले, रोलर किंचित फिरवला, पुन्हा मोजले, आणि मग बाळाच्या आईला समजेल अशा शब्दांत सांगितले की बाळ कितीही रडले तरी या चाकाला हात लावायचा नाही. मी तिच्या मागे दोन पावलांवर होते आणि मला एक शब्दही बोलावा लागला नाही. असा दिवस वर्षातून दोन-चार वेळाच येतो, पण त्या दोन-चार दिवसांसाठी उरलेले वर्ष मी आनंदाने काढत आले आहे.

दुसरी बाजूही लपवत नाही. पहिली तीन वर्षे मी आठवड्यातून चार सकाळी वॉर्डात असे. आता दोन सकाळी मिळाल्या तरी पुष्कळ झाले. उरलेला वेळ हजेरीपत्रके, अंतर्गत गुणांचे तक्ते, तपासणीसाठी लागणाऱ्या फायली आणि समित्यांच्या बैठकांच्या इतिवृत्तांत जातो. गेल्या तीन वर्षांत आमच्याकडून सात शिक्षक गेले. तिघे शासकीय सेवेत गेले, दोघे आखाती देशांत, एक इंग्लंडला, आणि एक मॅडम दुसऱ्या बाळंतपणानंतर परत आल्याच नाहीत. हे सातही जण उत्तम शिकवत होते, म्हणूनच हा प्रश्न मला पडला आहे.

ज्यांनी शिकवणे सोडले त्यांना नेमकी कोणती गोष्ट असह्य झाली? जे राहिले त्यांना कशाने धरून ठेवले? पगार कमी आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्या जोडीने आणखी काय होते, ते अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त पाठ्यनिर्देशिका (मिरज)

ताई, तुमचे पत्र वाचून उत्तर लिहायला मी दोन दिवस घेतले, कारण या प्रश्नात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. मी मिरजेत शिकले, सहा वर्षे शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात काम केले आणि पुढे ३१ वर्षे पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी शिक्षिका, होते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि पुढे हे गाव दवाखान्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाऊ लागले. सीमेपलीकडचे कानडी बोलणारे रुग्ण आजही इथे येतात, आणि आमच्या मुलींना औषधांच्या नावांबरोबर ‘नोवु एल्ली’ म्हणजे दुखते कुठे, हेही शिकावे लागते. शिकवणाऱ्यासाठी याहून श्रीमंत जागा मला माहीत नाही. तरीही मी दोनदा नोकरी सोडायला निघाले होते, आणि दोन्ही वेळची कारणे वेगळी होती.

पहिली वेळ आली ती पहिल्याच वर्षी. वॉर्डात माझ्या हाताला यश होते, डॉक्टर मंडळी अवघड ड्रेसिंगसाठी मला बोलावत, आणि त्याच भरवशावर मला वर्गात पाठवले गेले. तिथे गेल्यावर लक्षात आले की आपल्याला जे येते ते सांगता येत नाही. रुग्णाचा रंग बदलला आहे हे मला दारातून कळत असे, पण ते मला कशावरून कळले, असे एका मुलीने विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी अभ्यासक परिचारिकेने नवशिक्या परिचारिकेपासून निष्णात परिचारिकेपर्यंत पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या तुम्ही एम.एस्सी.ला अभ्यासल्याच असतील. त्या पायऱ्यांवर वर चढलेली बाई शिक्षिका झाली की पुन्हा तळाच्या पायरीवर येऊन उभी राहते, आणि ही गोष्ट तिला कोणीही आधी सांगत नाही. सहा वर्षांचा मान एका सत्रात गेल्यासारखा वाटतो. त्या वर्षी मी टिकले ते एका ज्येष्ठ पाठ्यनिर्देशिकेमुळे. त्या माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसत, वर्गात काही बोलत नसत, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी एकच सूचना देत. एका दिवशी त्यांनी सांगितले की मी प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर देते. ती खोड जायला मला वर्ष लागले. नव्या शिक्षकांपैकी पहिल्या दोन वर्षांत जे जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांना असे मागच्या बाकावर बसणारे कोणी मिळालेले नसते, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी वेळ सतराव्या वर्षी आली आणि ती तुमच्या आजच्या परिस्थितीसारखीच होती. माझे अक्षर चांगले होते आणि फायली नीट राहत, म्हणून कार्यालयाचे काम हळूहळू माझ्याकडे सरकत गेले. दोन वर्षांत मी वॉर्डाची पायरी क्वचितच चढले. वर्गात शिकवताना उदाहरण द्यायला गेले की ते दहा वर्षांपूर्वीचे निघे. एकदा एका विद्यार्थिनीने नम्रपणे सांगितले की मॅडम, आता ही सुई वॉर्डात वापरत नाहीत. त्या रात्री मी राजीनामा लिहिला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन अधिसेविकांकडे, म्हणजे मेट्रनकडे, गेले, तर त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि विचारले, तुला जायचे आहे की वॉर्डात यायचे आहे? त्यानंतर आठवड्यातल्या तीन सकाळी त्यांनी मला शस्त्रक्रिया विभागात मागून घेतले. प्राचार्यांशी त्या काय बोलल्या ते मला कधी कळले नाही, पण ती फायलींची कपाटे दुसऱ्याकडे गेली आणि मी आणखी चौदा वर्षे शिकवले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. आमच्या मुली शाळांमधल्या निवारा छावण्यांत जात होत्या. पाण्यात क्लोरीन टाकणे, लेप्टोस्पायरोसिस हा पुराच्या पाण्यातून होणारा ताप येऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटणे, जखमा धुणे अशी कामे होती. एक दुसऱ्या वर्षाची मुलगी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाजवळ बसून आधी एकच प्रश्न विचारत होती, आजोबा, तुमच्या रोजच्या गोळ्या कुठे राहिल्या? रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घरी पाण्यात सोडून आलेली कितीतरी माणसे त्या एका प्रश्नामुळे सापडली. रुग्णाला त्याच्या आजाराबरोबर त्याच्या घराबद्दलही विचारायचे, हे मी वर्गात सांगत आले होते. ते तिने तिथे जाऊन केले. मला कशाने धरून ठेवले, असे तुम्ही विचारता, तर ते हेच.

तुमच्या पगाराबद्दल मी काही बोलणार नाही. माझी नोकरी नियमित वेतनाची होती आणि निवृत्तिवेतनही आहे. तेव्हा कमी पगारात टिकून राहा असा उपदेश करायचा अधिकार मला नाही.

उत्तर २ : वॉर्डातला ब्रदर (मूळ तासगाव, सध्या पुणे)

मी सोडून गेलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहितो. चार वर्षे एका खासगी महाविद्यालयात मानसिक आरोग्य परिचर्या शिकवली. गाव आणि संस्था यांचे नाव लिहीत नाही.

मला शिकवण्याचा कंटाळा कधीच आला नव्हता. मनोरुग्ण विभागातील पोस्टिंगला मुले पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून उभी राहतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच रुग्णांबरोबर कॅरम खेळत त्यांचा इतिहास लिहून घेतात, हा बदल पाहण्यासारखा असतो. मला त्रास झाला तो शिकवण्याबाहेरच्या गोष्टींचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक शिक्षकाने ठरावीक संख्येने प्रवेश आणावेत अशी अपेक्षा होती. मे महिन्यात मी गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत माहितीपत्रके घेऊन फिरलो आहे. बारावीच्या मुलीच्या वडिलांना शुल्काचे हप्ते समजावून सांगताना मला पहिल्यांदा वाटले की माझी एम.एस्सी. कुठेतरी चुकीच्या कामाला लागली आहे. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून आली नाही म्हणून पगार थांबला आहे, असे आम्हाला दोन वेळा सांगितले गेले. त्यातला एक पगार तीन महिन्यांनी आला. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेतली होती आणि ती परत मिळवायला मला सहा आठवडे हेलपाटे घालावे लागले. या काळात एका चांगल्या रुग्णालयाची मुलाखत हातची गेली.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती तरुण शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावी. आखाती देशांच्या परवान्यासाठी आणि मोठ्या रुग्णालयांच्या नोकरीसाठी रुग्णशय्येजवळचा अलीकडचा अनुभव मागतात. शिकवण्याची वर्षे त्यांच्या हिशेबात बहुधा रिकामी धरली जातात. म्हणजे तुम्ही जितकी अधिक वर्षे मन लावून शिकवाल, तितका परत जाण्याचा रस्ता अरुंद होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगभरात सुमारे ५८ लाख परिचारिकांची कमतरता नोंदवली आहे, त्यामुळे मागणी आहेच. आमच्यातले काही जण चौथ्या-पाचव्या वर्षी गेले ते लोभाने गेले नाहीत. यानंतर जाता येणार नाही, या भीतीने गेले. मीही त्याच भीतीने गेलो, हे मोकळेपणाने मान्य करतो.

पुरुष शिक्षक म्हणून एक वेगळी अडचण होती, तीही नोंदवतो. प्रसूतिकक्षातील पोस्टिंग मला मिळत नसे, त्यामुळे माझ्या वाट्याचे वॉर्ड कमी आणि कार्यालयीन कामे जास्त असा हिशेब आपोआप होत गेला.

गेल्यावर कसे वाटले, तेही सांगतो. पहिले सहा महिने हलके वाटले. ड्यूटी संपली की संपते, रविवारी उत्तरपत्रिका तपासायच्या नसतात. नंतर नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना शिकवायचे काम मी स्वतः मागून घेतले. आता दर तिमाहीला सहा-सात जण माझ्याबरोबर असतात. माझा निर्णय चुकला असे मला वाटत नाही. एका गोष्टीची मात्र खंत आहे. मी सत्राच्या मध्यावर गेलो आणि विद्यार्थ्यांना शेवटच्या दिवशी सांगितले. माझ्या गटातल्या मुलांच्या केस स्टडी अर्ध्यावर होत्या.

उत्तर ३ : उपप्राचार्या (सांगली)

मी दुसऱ्या टोकाला बसलेली आहे, म्हणजे जाणाऱ्या शिक्षकांचे राजीनामे माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे एक शिक्षक गेला की पुढे काय होते, ते आधी सांगते.

बी.एस्सी.साठी दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरलेले आहे. दरवर्षी ५० प्रवेश असतील तर चार वर्षांचे २०० विद्यार्थी होतात आणि २० शिक्षक लागतात. त्यातले तीन गेले आणि जागा भरायला सहा महिने लागले, तर उरलेल्या सतरा जणांवर वीस जणांचे काम येते. ते काम सारखे वाटले जात नाही. जो नाही म्हणत नाही त्याच्याकडे ते साचते, आणि बहुधा तोच चौथा राजीनामा देतो. २०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंगला सत्र पद्धत आणि श्रेयांक पद्धत आली. अभ्यासक्रम म्हणून तो बदल मला योग्य वाटतो, कौशल्य तपासण्याच्या पद्धतीही त्यात सुधारल्या आहेत. पण चार वर्षांची आठ सत्रे झाली, आणि प्रत्येक सत्राचे अंतर्गत गुण, लॉगबुक व परीक्षा यांचा भार पूर्वीच्याच मनुष्यबळावर आला. पूर्वी ज्या कागदपत्रांना वर्ष मिळत असे, ती आता सहा महिन्यांत पुरी करावी लागतात. वॉर्डातल्या सकाळी कमी झाल्या, असे ताईंनी लिहिले आहे. त्या इथे गेल्या.

पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वर्षात सहा जण गेले, तेव्हा मी प्रत्येकाला चहाला बोलावून विचारले. राजीनाम्यात सर्वांनी ‘घरगुती कारणामुळे’ असे लिहिले होते. बोलताना मात्र एकीने सांगितले की तिला रोज सकाळी कुठे जायचे हे आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कळते आणि त्यामुळे तिला तयारी करून शिकवता येत नाही. दुसरीने सांगितले की तिच्या बाळाला दूध पाजायला परिसरात जागा नाही. तिसऱ्याने सांगितले की वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर, म्हणजे परिसेविका, त्याला पाहुणा समजतात आणि विद्यार्थ्यांसमोर टाकून बोलतात. पगाराचा उल्लेख सहाही जणांनी केला, पण पगार वाढला असता तर थांबला असता का, या प्रश्नाला चौघांनी थांबलो नसतो असे उत्तर दिले. सहा जणांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणते. आमच्या महाविद्यालयापुरते ते मला पुरेसे होते.

वेतनश्रेणी माझ्या हातात नव्हती. जे हातात होते ते बदलले. प्रवेशासाठी शिक्षकांनी गावोगाव फिरणे बंद केले, आणि त्यासाठी व्यवस्थापनाशी दोन वर्षे बोलावे लागले. प्रत्येक शिक्षकाच्या तीन सकाळी वॉर्डासाठी राखल्या, त्या वेळात बैठक लावायची नाही असा नियम केला आणि तो मी स्वतः मोडला नाही. नव्या शिक्षकाला पहिल्या सत्रात स्वतंत्र विषय न देता ज्येष्ठ शिक्षकाबरोबर निम्मे तास दिले. मिरजेच्या मॅडमनी मागच्या बाकाबद्दल जे लिहिले आहे, ते वाचून मला फार बरे वाटले. वॉर्डातल्या परिसेविकांशी महिन्यातून एकदा एकत्र बसायला सुरुवात केली. हे सर्वांत अवघड गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये परिचर्येचे प्राध्यापक वॉर्डाची जबाबदारीही सांभाळतात, तशी रचना आपल्याकडच्या लहान महाविद्यालयांना सहज जमणार नाही, कारण अनेकांकडे रुग्णालय स्वतःचे असले तरी त्याचा कारभार वेगळा चालतो. पण शिक्षिकेच्या हाताखाली दोन-तीन रुग्णांची पूर्ण काळजी द्यावी, एवढे तर करता येते. आमच्या एका वॉर्डाने ते मान्य केले, दुसऱ्याने अजून केलेले नाही. या पाच वर्षांत तीन जण गेले, त्यांपैकी दोघे कुटुंबाच्या बदलीमुळे.

एक गोष्ट मात्र मी कोणालाही समजावणार नाही, ती म्हणजे कमी पगार हा सेवेचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी खाटांच्या संख्येनुसार वेतनाच्या शिफारशी केल्या आणि ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही महिन्याला २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये असे सुचवले. ती समिती रुग्णालयांतील परिचारिकांसाठी होती. त्या परिचारिका घडवणाऱ्या शिक्षकांच्या वेतनाची तशी चर्चा झालेली माझ्या ऐकण्यात नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५७ नवीन नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिली. इमारती उभ्या राहतील, प्रवेशही होतील. तिथे उभे राहून शिकवणारी माणसे मात्र आजच्याच महाविद्यालयांतून जाणार आहेत, याची काळजी मला प्रामाणिकपणे वाटते.

उत्तर ४ : दुसऱ्या पाळीतली (सातारा)

मी शिक्षिका नाही. चार वर्षांपूर्वी पदवी घेऊन आता एका रुग्णालयात काम करते. विद्यार्थ्यांच्या बाजूने कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते.

आम्हाला प्रसूतिशास्त्र एका वर्षात तीन मॅडमनी शिकवले. पहिल्या मॅडमनी पोटाची तपासणी ज्या क्रमाने शिकवली, तो दुसऱ्या मॅडमना मान्य नव्हता, आणि तिसऱ्या मॅडम आल्या तेव्हा परीक्षेला पाच आठवडे होते. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, भरायला मी खऱ्या अर्थाने नोकरी लागल्यावर एका परिसेविकेकडून शिकले. त्या तिघींपैकी कोणाचाही दोष नव्हता, हे आता वरची उत्तरे वाचून कळते. तेव्हा मात्र आम्हाला वाटायचे की आमच्या वर्गातच काहीतरी उणे आहे, म्हणून कोणी थांबत नाही.

उलट बालरोगाच्या मॅडम चारही वर्षे होत्या. त्यांचे वाक्य अजून कानात आहे की औषध देण्याआधी बाळाचे वजन फाइलमधले घेऊ नका, आजचे घ्या. गेल्या महिन्यात त्या सवयीमुळे एका बाळाच्या औषधाच्या मात्रेतली चूक मला वेळेत दिसली. कृष्णाकाठ मॅडम, तुम्ही जा किंवा राहा, पण जाणार असाल तर मुलींना आधी सांगा, एवढीच विनंती आहे.

पुन्हा : कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरांचे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले आणि वाचताना माझा आवाज बदलला.

उपप्राचार्या मॅडमनी केलेले बदल वाचून मी आमच्या प्राचार्यांना भेटले. तीन सकाळी राखून द्याव्यात आणि पगाराची तारीख ठरवून द्यावी, एवढ्या दोनच गोष्टी मागितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. सकाळी राखण्याचे त्यांनी पुढच्या सत्रापासून पाहू असे सांगितले आणि पगाराचे त्यांच्या हातात नाही हे त्यांनी मान्य केले. त्या खोटे बोलल्या नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. परंतु ब्रदरांनी अरुंद होणाऱ्या रस्त्याबद्दल जे लिहिले आहे, ते माझ्या बाबतीत ३८ या आकड्याने अगदी स्पष्ट झाले आहे. मी शासकीय पदावर रुजू व्हायचे ठरवले आहे. हे लिहिताना आनंद होत नाही, पण मन पूर्वीसारखे दुभंगलेले नाही.

रुजू होण्यासाठी मुदतवाढीचा अर्ज केला आहे, म्हणजे चालू सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा माझ्या हातून पार पडेल. मुदतवाढ मिळाली नाही तरी माझ्या दहा जणींच्या केस स्टडी मी आधी पूर्ण करून घेणार आहे. येत्या सोमवारी वॉर्डात जाण्याआधी त्यांना स्वतः सांगेन. मिरजेच्या मॅडमना एक विचारायचे आहे. शासकीय सेवेत गेल्यावर पाठ्यनिर्देशिका पदाकडे पुन्हा येता यावे, यासाठी आत्ताच काय करून ठेवावे?

उत्तर ५ : निवृत्त पाठ्यनिर्देशिका (मिरज)

ताई, रुजू होतानाच एम.एस्सी.ची आणि नोंदणी परिषदेकडील वाढीव अर्हतेची नोंद सेवापुस्तकात करून घ्या. नंतर करू म्हणून राहिलेल्या नोंदींसाठी वर्षानुवर्षे अर्ज करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सध्याच्या महाविद्यालयाकडून अनुभवाचे प्रमाणपत्र घेताना विषय, पद आणि दोन्ही तारखा स्पष्ट लिहून घ्या, नुसते ‘सात वर्षे’ चालत नाही. आणि ज्या वॉर्डात तुमची नेमणूक होईल, तिथे नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला येत असतील तर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या शिक्षिकेला जाऊन भेटा. ती एकटी उभी असेल.

सोमवारी मुली काय म्हणाल्या, ते इथे लिहा. मी वाट पाहते आहे.